नगरधनची प्रभावतीगुप्ता: राज्य तिचं की मुलाचं?

रामटेक तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या बाईंनी विचारलं आहे: "सातवीच्या मुलांना घेऊन नगरधनच्या किल्ल्यावर सहल नेली होती. तिथे भेटलेल्या एकानं 'हा प्रभावती राणीचा किल्ला' असं सांगितलं. परतताना एका मुलीनं विचारलं, ती राणी खरीच राज्य करत होती का, की लहान पोराला गादीवर बसवून कारभारीच सगळं करत होते? मला सांगता आलं नाही. याला पुरावा काय?"

बाई, आधी त्या मुलीला उत्तर सांगा: करत होती. आणि पुरावा म्हणजे कोण्या भाटाची स्तुती नाही. तिनं स्वतःच्या नावानं काढलेल्या आज्ञा तांब्यावर कोरलेल्या आहेत आणि त्या आजही वाचता येतात. जुने कोरीव लेख वाचण्यातच माझी तीस वर्षं गेली. या बाईच्या ताम्रपटांकडे मी जितक्या वेळा परत गेलो, तितक्या वेळा दुसऱ्या कोणाच्या लेखाकडे गेलो नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

किल्ल्याचं आधी सांगतो, कारण तिथेच गडबड होते. आज तुम्हाला दिसतो तो दगडी तट आणि बुरूज नागपूरकर भोसल्यांच्या काळातला. प्रभावतीगुप्ता त्याच्या तेराशे वर्षं आधीची, म्हणजे चौथ्या शतकाच्या अखेरीची आणि पाचव्याच्या सुरुवातीची. तिची राजधानी नंदिवर्धन, म्हणजे आजचं नगरधन, ती गावाच्या पांढरीत आहे, पायाखाली. आपल्याकडे शेताला काळी आणि वस्तीच्या जागेला पांढरी म्हणतात. माणसं शेकडो वर्षं एका जागी राहिली, चुली पेटवल्या, भिंती पडल्या, पुन्हा बांधल्या, की माती राखेरी पांढरट होत जाते. नगरधनची पांढरी तशी आहे. पावसाळ्यानंतर तिथे चाललात तर खापरं पायाला लागतात. सहल पुन्हा नेलीत तर किल्ल्याच्या दारात फोटो काढून परतू नका. मुलांना गावातून फिरवा, आणि खापरं बघू द्या पण उचलून आणू देऊ नका.

आता ती कोण होती ते. पुण्यात राहणाऱ्या एका तांबट कुटुंबाकडे सापडलेला तिचा ताम्रपट आहे, म्हणून त्याला 'पुणे ताम्रपट' म्हणतात. दान मात्र विदर्भातलं, आणि आज्ञा सुटली ती नंदिवर्धनाहून. त्यात ती स्वतःची ओळख कशी करून देते ते बघा. महाराजाधिराज श्रीचंद्रगुप्ताची मुलगी. धारण गोत्राची. नागकुळातल्या महादेवी कुबेरनागेच्या पोटी जन्मलेली. दोन्ही कुळांचं भूषण. भगवंताची अत्यंत भक्त. वाकाटकांचा, म्हणजे तेव्हा विदर्भावर राज्य करणाऱ्या घराण्याचा, महाराज रुद्रसेन याची पट्टराणी. युवराज दिवाकरसेनाची आई. आणि मग नाव: श्रीप्रभावतिगुप्ता.

हा क्रम मुलांना फळ्यावर लिहून दाखवण्यासारखा आहे. वाकाटकांचे बाकीचे ताम्रपट वाकाटकांच्या वंशावळीनं सुरू होतात. हिचा पट गुप्तांच्या वंशावळीनं सुरू होतो: घटोत्कच, पहिला चंद्रगुप्त, समुद्रगुप्त, दुसरा चंद्रगुप्त, आणि मग ही लेक. बाप 'महाराजाधिराज', नवरा नुसता 'महाराज'. नवऱ्याचं गोत्र विष्णुवृद्ध, पण ही लग्नानंतरही बापाचंच धारण गोत्र सांगते. नावाच्या शेवटचं 'गुप्ता'ही माहेरचं. लग्न झालं की पोरीचं गोत्र बदललं, असं आपल्याकडे अजून लग्नाच्या मांडवात सांगतात. सोळाशे वर्षांपूर्वी विदर्भाच्या राजधानीत बसून एका विधवेनं तांब्यावर वेगळंच लिहवून घेतलं.

याच्यामागे राजकारण होतंच. चंद्रगुप्ताला माळवा आणि गुजरातेतल्या शक क्षत्रपांशी लढायचं होतं, आणि त्या वाटेवर वाकाटकांचं राज्य. पोरगी देऊन त्यानं दक्षिणेचं दार आपल्या बाजूला केलं. पुढे जावई रुद्रसेन लवकर गेला, मुलं लहान, आणि लेकीच्या हाती राज्य आलं. काही इतिहासकार इथून थेट 'विदर्भ पाटलीपुत्राहून चालत होता' असं लिहितात. मला ते पटत नाही. गुप्तांकडून माणसं आली असतील, हे मान्य. पुणे ताम्रपटाची अक्षरंच ते सांगतात. विदर्भातल्या वाकाटक पटांवर अक्षराच्या डोक्यावर लहानशी चौकोनी पेटी असते, तिला पेटिकाशीर्षक लिपी म्हणतात. पुणे ताम्रपटावर मात्र अक्षरांची डोकी खिळ्याच्या डोक्यासारखी आहेत, उत्तरेकडच्या वळणाची. म्हणजे लिहिणारा हात बहुधा तिकडून आलेला. पण आज्ञा वाकाटकांच्या पद्धतीनं, विदर्भातल्या गावाची, विदर्भातल्या माणसांना दिलेली आहे. माहेरचा आधार असणं आणि माहेरनं राज्य चालवणं या वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या घरोघरच्या बायकांना हे समजावून सांगावं लागत नाही.

मुलीच्या प्रश्नाला खरं उत्तर देते ती त्या पटाची मुद्रा. त्यावर एक श्लोक आहे:

वाकाटकललामस्य क्रमप्राप्तनृपश्रियः ।
जनन्या युवराजस्य शासनं रिपुशासनम् ॥

वाकाटकांचं भूषण असलेल्या, वंशक्रमानं राजलक्ष्मी मिळालेल्या युवराजाच्या आईचं हे शासन. शत्रूंना शासन करणारं. 'शासन' शब्द आपणही दोन्ही अर्थांनी वापरतो, हुकूम म्हणूनही आणि शिक्षा म्हणूनही, म्हणून या ओळीची गंमत मराठी कानाला लगेच कळते. पण मुद्दा व्याकरणाचा आहे. शासन कोणाचं? 'जनन्याः', आईचं. युवराजाचं नाही. युवराज फक्त 'कोणाची आई' एवढं सांगायला आला आहे. कारभारी राज्य चालवत असते तर मुद्रा पोराच्या नावाची केली असती, तेच सोयीचं होतं.

ही मुद्रा एका पटापुरती नव्हती हे आपल्याला अलीकडेच कळलं. २०१५ ते २०१८ या काळात पुण्याचं डेक्कन कॉलेज आणि राज्याचं पुरातत्त्व खातं यांनी मिळून नगरधनला उत्खनन केलं. तिथे एका मोठ्या भिंतीच्या माथ्यावर मातीचा लंबगोल ठसा मिळाला. जेमतेम साडेतीन सेंटीमीटर लांब, अडीच सेंटीमीटरहून कमी रुंद, वजन ६.४० ग्रॅम. म्हणजे अर्ध्या तोळ्याहून किंचित जास्त. त्यावर हाच श्लोक, आणि वर शंख कोरलेला. असा ठसा दोरीनं बांधलेल्या पत्रावर किंवा गाठोड्यावर ओल्या मातीत उठवायचे, आपण आज लाखेचं सील करतो तसा. म्हणजे ती रोजच्या कारभाराची मोहोर होती. कुठला तरी हुकूम, कुठला तरी माल या मोहोरेखाली येत-जात होता. अंगठ्याएवढी मातीची गोळी आहे, पण मी प्रभावतीच्या बाबतीत तिला ताम्रपटांइतकंच महत्त्व देतो.

तेरा हा आकडाही लक्षात ठेवा. पुणे ताम्रपट तिच्या कारभाराच्या तेराव्या वर्षीचा आहे आणि तेव्हाही दिवाकरसेन 'युवराज'च आहे, राजा झालेला नाही. तेरा वर्षं म्हणजे तात्पुरती व्यवस्था नव्हे. काही जण म्हणतात, तिनं मुद्दाम पोराला गादीवर बसू दिलं नाही. मला यात आरोप करण्यासारखं काही दिसत नाही. मुलगा बापाच्या मृत्यूच्या वेळी अगदी तान्हा असेल, तर तेरा वर्षांनीही तो पोरगाच होता. पुढे दिवाकरसेनाचं नाव राजा म्हणून कुठेच येत नाही, तो बहुधा तरुणपणीच गेला. मग राजा म्हणून दामोदरसेन आणि प्रवरसेन ही तिच्या मुलांची नावं येतात. हे दोघे भाऊ की दोन नावांचा एकच माणूस, यावर विद्वानांत वाद आहे. म्हणजे नवरा गेला, थोरला मुलगा गेला, आणि राज्य तरी शाबूत राहिलं. हे आपोआप झालं असं मानणं मला जमत नाही.

आता गावांकडे येऊ. तुमच्या मुलांना राजवंशापेक्षा हे जास्त कळेल.

पुणे ताम्रपटात प्रभावतीनं दंगुण नावाचं गाव चनालस्वामी नावाच्या आचार्याला दान दिलं. वा. वि. मिराशी यांनी हे दंगुण म्हणजे आजचं हिंगणघाट असं ठरवलं. त्यांनी नागपुरात राहून वाकाटकांचे लेख एकत्र केले, तो मोठा ग्रंथ १९६३ साली निघाला. आम्ही सगळे त्याच्याच आधारानं शिकलो. आज्ञा कोणाला उद्देशून आहे? गावातल्या कुटुंबींना, म्हणजे शेती कसणाऱ्या घरांना. आपल्याकडचा 'कुणबी' शब्द याच 'कुटुंबिन्' वरून आला असं भाषेचे अभ्यासक मानतात. आणि हुकमाआधी एक शब्द येतो: 'कुशलमुक्त्वा'. तुमचं बरं आहे ना, असं विचारून मग आज्ञा. हा ठरलेला दरबारी मायना आहे हे मला माहीत आहे, तरी तो वाचताना दर वेळी मी क्षणभर थांबतो.

मग गावाच्या सीमा येतात. विलवणकाच्या पूर्वेला, शीर्षग्रामाच्या दक्षिणेला, कदापिंजनाच्या पश्चिमेला, सिदिविवरकाच्या उत्तरेला. कोणाच्या घरी शेताचं खरेदीखत असेल तर मुलांना ते आणायला सांगा. चतुःसीमा अगदी अशाच लिहिलेल्या असतात, कोणाचा धुरा कुठे लागतो ते. पद्धत तीच आहे.

त्यानंतर सवलती. गावात शिपायांनी शिरायचं नाही. फिरतीवरच्या अधिकाऱ्यांच्या जनावरांना चारा, बसायला कातडं, स्वयंपाकाला कोळसा, यांतलं काही गावानं पुरवायचं नाही. फुलं आणि दूध फुकट द्यायचं नाही. ही यादी उलटी वाचा. जे माफ केलं ते इतर गावांना द्यावं लागत होतं. म्हणजे साहेब आला की घरातलं दूध गेलं, गवताची पेंढी गेली, कोळसा गेला. तिच्या मुलाच्या, दुसऱ्या प्रवरसेनाच्या ताम्रपटांत 'सर्वविष्टि' माफ केल्याचंही येतं. विष्टी म्हणजे बिनमजुरीचं काम. आपला 'वेठ' शब्द तिथूनच आला. शेवटी प्रभावती बजावते: आमचं शासन न जुमानता कोणी जरासाही त्रास दिला आणि ब्राह्मणांनी तसं कळवलं, तर आम्ही दंड करून बंदोबस्त करू. 'कुर्याम', आम्ही करू. आणि अगदी खाली पट कोरणाऱ्याचं नाव, चक्रदास. राणीच्या नावाबरोबर त्या कारागिराचंही नाव टिकलं.

दानाची तिथीही दिली आहे, कार्तिक शुद्ध द्वादशी. एकादशीचा उपास धरून द्वादशीला भगवंताच्या पायाशी निवेदन करून, हातावर पाणी सोडून दान. कार्तिकात रामटेकला त्रिपूर पेटतो, यात्रा भरते, ते तुमच्या मुलांनी लहानपणापासून पाहिलं आहे. तोच महिना, तोच उपास. प्रभावतीच्या सासरचे लोक मुळात शैव. सासरा पृथिवीषेण महेश्वराचा भक्त. नवरा रुद्रसेन मात्र आपलं वैभव चक्रपाणीच्या कृपेचं म्हणवतो. बायकोमुळे तो वैष्णव झाला असं बहुतेक अभ्यासक मानतात, आणि माझंही तेच मत आहे. मुलगा प्रवरसेन पुन्हा शंकराकडे वळला. एका घरात हे चालत होतं आणि त्यावरून भांडण झाल्याची एक ओळ कुठे नाही.

दुसरा मोठा ताम्रपट अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यात सापडला, रिद्धपूरला. होय, तेच रिद्धपूर, महानुभावांचं, गोविंदप्रभूंचं. हा पट प्रवरसेनाच्या एकोणिसाव्या राज्यवर्षाचा. मुलगा राजा होऊन एकोणीस वर्षं झाली आहेत, आणि आई अजून स्वतःच्या नावानं दान देते आहे. सुरुवात होते 'रामगिरिस्वामिनः पादमूलात्', रामगिरीच्या स्वामीच्या पायापासून, अशी. रामगिरी म्हणजे आपलं रामटेक. म्हातारी राणी टेकडीवरच्या देवाच्या पायाशी बसून हे लिहवते आहे, असं चित्र डोळ्यांसमोर येतं. याच पटात ती स्वतःला शंभराहून जास्त वर्षांच्या आयुष्याशी जोडणारं एक विशेषण लावते. त्यावरून ती शंभरी पार करून जगली असं काहींनी लिहिलं. मला ते विशेषण मुलानातवंडांसाठीच्या शतायुषी आशीर्वादासारखं वाटतं. भंडारा जिल्ह्यातल्या मिरेगावचा पट तर विसाव्या वर्षाचा आहे. दिवाकरसेनाच्या वेळची तेरा आणि ही वीस मिळवा. नवऱ्यामागे किमान तेहतीस वर्षं तिचा हुकूम चालत होता.

रिद्धपूरच्या पटातली एक गोष्ट मी झाकून ठेवणार नाही. दानात शेत आहे, घर आहे, आणि शेती कसणाऱ्यांची चार घरंही आहेत. 'कर्षकनिवेशनानि चत्वारि'. म्हणजे जमिनीबरोबर ती कसणारी माणसंही नव्या धन्याच्या हवाली झाली. त्यांची नावं पटात नाहीत. कोरणाऱ्याचं नाव तांब्यावर येतं, पण ज्यांच्या घामावर ते दान उभं होतं त्यांची नुसती मोजणी येते. प्रभावती कर्तबगार होती म्हणून हे वेगळं ठरत नाही. मुलांना राणीची गोष्ट सांगाल तेव्हा ही चार घरंही सांगा. तुमच्या वर्गातली निम्मी पोरं अशाच घरांतून येत असतील.

आता रामटेक. गडावर चढताना केवल नरसिंहाचं मंदिर लागतं. आत लाल दगडाची भली मोठी बसलेली नरसिंहाची मूर्ती आहे. तिथेच भिंतीवर एक शिलालेख आहे, जो चुन्याच्या थराखाली झाकलेला होता आणि १९८०च्या दशकात डागडुजी करताना उघडा पडला. बराच झिजला आहे, ओळींच्या ओळी गेल्या आहेत. पण जे वाचता येतं त्यातून प्रभावतीच्या मुलीची कथा निघते. तिचं लग्न आईच्या माहेरच्या नात्यात, घटोत्कच नावाच्या गुप्त राजपुरुषाशी झालं, पुढे भावानं तिला परत आणलं. आणि तिनं आईच्या नावानं देऊळ उभारलं, देवाचं नाव 'प्रभावतीस्वामी'. सुदर्शन नावाचा तलावही बांधवला. आईच्या आठवणीसाठी मुलीनं केलेलं हे काम. त्या काळातल्या देवळांना राजांची नावं पुष्कळ मिळतात. मुलीनं आईचं नाव दिलेलं मला दुसरं आठवत नाही. मुलांना इथे नक्की थांबवा. पुढे वराहाची मूर्ती आहे, तिच्या पोटाखालून सरपटत जायची गंमत पोरं सोडणार नाहीतच, पण आधी हे सांगून घ्या.

मुलगा प्रवरसेन पुढे प्रवरपुराला राजधानी घेऊन गेला. मिराशींच्या मते ते वर्ध्याजवळचं पवनार. मनसरच्या हिडिंबा टेकडीचं उत्खनन झाल्यावर बरेच जण मनसर म्हणू लागले. तिथे 'प्रवरेश्वरस्य' असा ठसा मिळाला आहे, त्यामुळे त्याचं शिवमंदिर तरी मनसरलाच होतं असं मी धरतो. याच प्रवरसेनाच्या नावावर 'सेतुबंध' हे रामकथेचं काव्य आहे, महाराष्ट्री प्राकृतात, म्हणजे आपल्या मराठीच्या आजीच्या भाषेत. शैव राजा रामाची कथा लिहितो, याचं मूळ मला रामगिरीच्या पायाशी बसलेल्या त्याच्या आईत दिसतं. हा माझा अंदाज, पण मी तो मनापासून धरून आहे.

शेवटी एक काम तुमच्यावर सोपवतो, कारण गावात शिक्षकाचं ऐकतात. हे सगळं आपल्याला कळलं ते काही पट वितळले नाहीत म्हणून. पुणे ताम्रपट तांबटाच्या घरात होता. एका भट्टीत गेला असता तर दंगुणही गेलं असतं आणि चक्रदासही. विदर्भात असे पट बहुतेक नांगराच्या फाळाला किंवा घराचा पाया खणताना लागतात. काही वर्षांपूर्वी मला एका खेड्यात बोलावलं होतं. घरच्या आजीनं देवघरातून पट आणून माझ्या हातात दिला, लखलखीत. म्हणाली, "चिचेनं घासला जी मास्तर, हिरवा पडला होता त देवाजोळ कसा ठेवाव?" पट वाकाटकांचा नव्हता, पुष्कळ नंतरचा होता. पण चिंच आणि राखेनं कडेची अक्षरं पार सपाट झाली होती, दान देणाऱ्याचं नाव नेमकं त्या कडेला होतं. आजीची काही चूक नव्हती. तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून मुलांना सांगा: जमिनीत तांब्याचा पत्रा, नाणं, मूर्ती, अक्षरांचा दगड मिळाला तर धुवायचं नाही, घासायचं नाही, पत्र्यात कडी असेल तर ती कापायची नाही. सापडलं तिथली जागा खुणेनं लक्षात ठेवायची. मग तलाठ्याला, तहसीलदाराला कळवायचं. १८७८ च्या निखात निधी कायद्यानं असं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारकच आहे. लपवलं तर गुन्हा होतो, आणि कळवलं तर शोधणाऱ्याचा हक्कही त्याच कायद्यात धरलेला आहे. हिरवा गंज तसाच राहू द्या. तो अक्षरांवर पांघरुणासारखा असतो, आणि तो कसा काढायचा ते प्रयोगशाळेतल्या माणसांना कळतं.

आणि त्या मुलीला नरसिंहाच्या मंदिरात घेऊन जा. शिलालेख तिला वाचता येणार नाही, पण आईच्या नावाचं देऊळ एका मुलीनं बांधलं होतं ते इथेच लिहिलं आहे, एवढं बोट दाखवून सांगा.